आठ टिंबांचं घर

२ सप्टेंबर, सोमवार

आज माझं टेबल पहिल्यांदा टेबलासारखं दिसलं. या ब्रेल छापखान्याचा व्यवस्थापक होऊन अकरा महिने झाले आणि पहिल्या दिवसापासून तो जुना कॉम्प्युटर माझ्या डोळ्यांत खुपत होता. अंग पिवळं पडलेलं, पंखा धापा टाकणारा, सुरू होताना टकटक, बंद होताना कुरकुर. शुक्रवारी नवा आला. कॉम्प्युटरवाल्याने जुन्यातलं सगळं नव्यात उतरवलं, पडद्यावरच्या यादीत मास्तरांच्या प्रोग्रामचं नाव बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाला, आला. मीही म्हणालो, आला. शनिवारी भंगारवाला जुनं धूड उचलून घेऊन गेला.

स्पीकर हवेत का, असं कॉम्प्युटरवाल्याने विचारलं होतं. मी म्हटलं, नकोत. आमच्याकडे ठोक्या आहे तेवढा पुरे. (ठोक्या म्हणजे जाड कागदावर ब्रेलची टिंबं उठवणारं यंत्र. ते चालू असलं की माणसांना खुणांनी बोलावं लागतं, आणि इथे निम्म्या माणसांना खुणा दिसत नाहीत.)

दुर्बीणबाई दोन दिवस भावाकडे गेल्या आहेत. उद्या येतील. टेबल बघून खूश होतील, असं लिहिणार होतो. बघून नाही, पण होतील.

३ सप्टेंबर, मंगळवार

झाल्या नाहीत.

दुर्बीणबाई आमच्या मुद्रितशोधक. त्यांना जन्मापासून दिसत नाही. छापून आलेलं प्रत्येक पान बोटांनी वाचतात, आणि एक टिंब इकडचं तिकडे झालेलं त्यांच्या तावडीतून सुटत नाही. म्हणून हे नाव, आणि ते त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलंय. सकाळी आल्या, पर्स खुंटीला अडकवली आणि नेहमीसारखा कॉम्प्युटरच्या डोक्यावर हात ठेवायला गेल्या, तर हात हवेतच राहिला. मग तो हळूहळू टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला. मी उत्साहाने सांगत सुटलो, किती पातळ आहे, किती वेगवान आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जुना कुठे आहे ते विचारलं. मी म्हटलं, भंगारात दिला. नव्यावर प्रोग्राम चालवून पाहिला होता ना, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पडद्यावर नाव दिसलं की.

तीस वर्षं साध्या छापखान्यात काढलेला माणूस मी. मुखपृष्ठ नीट आलं म्हणून आतली पानं न बघता पुस्तक बांधायला पाठवणाऱ्यांना मी फैलावर घेतलंय.

मग आम्ही प्रोग्राम चालवला. मिनिटभर पडदा काळा, आणि नंतर एक ओळ. हा प्रोग्राम बावीस वर्षांपूर्वी मास्तरांनी लिहिला. मास्तर म्हणजे शेजारच्या अंधशाळेतले गणिताचे शिक्षक, स्वतः पूर्ण आंधळे. आता हयात नाहीत. पडद्यावरचे निरोपसुद्धा त्यांनी आपल्याच भाषेत, रोमन अक्षरांत लिहून ठेवलेत. ओळ अशी होती: 'जागा अपुरी आहे. क्षमस्व.'

पाच वेळा चालवला. पाचही वेळा क्षमस्व.

बाईंनी विचारलं, याला आवाज नाही का. मी म्हटलं, नाही, एकदम शांत आहे, छान वाटतं ना?

४ सप्टेंबर, बुधवार

आज ती वेणीवाली मुलगी आली. दर बुधवारी येते. अंधशाळेत शिकते, पंधरा वर्षांची असेल, आणि मोठ्या परीक्षेला गणित घ्यायचं म्हणते. तिच्या शाळेतून आजवर कोणी घेतलेलं नाही. तिच्यासाठी आम्ही गणिताचं पुस्तक ब्रेलमध्ये काढतोय. डोळस माणसाच्या हातात मावणारं ते एक पुस्तक ब्रेलमध्ये नऊ जाडजूड खंडांचं होतं. चार झालेत, पाच राहिलेत.

ती पाचवा मागायला आली होती. मी म्हटलं, थोडी तांत्रिक अडचण आहे. तेव्हा तिने शांतपणे मला तिची अडचण सांगितली. परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख दहा ऑक्टोबर. मुख्याध्यापिकांनी सांगितलंय, त्या दिवशी नऊच्या नऊ खंड टेबलावर असतील तर गणित लिहू, नाहीतर संगीत. अर्ध्या पुस्तकावर मुलीला परीक्षेला बसवणार नाही. मुख्याध्यापिकांचं म्हणणं चुकीचं आहे असंही म्हणता येत नाही.

"मला संगीत येत नाही असं नाही," मुलगी म्हणाली, "पण मला ते करायचं नाही."

ती गेल्यावर दुर्बीणबाई बराच वेळ चौथ्या खंडाच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. मी तिथून उठून गोदामात गेलो आणि कारण नसताना कागदाचे गठ्ठे मोजले.

६ सप्टेंबर, शुक्रवार

कॉम्प्युटरवाला आला. भला माणूस. त्याने मला समजावून सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. मास्तरांचा प्रोग्राम इतका जुना आहे, की नव्या यंत्राला तो थेट चालवता येत नाही. म्हणून नव्या यंत्रात एक असा प्रोग्राम बसवलाय जो जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. मास्तरांच्या प्रोग्रामला वाटतं आपण जुन्याच घरात आहोत. त्या सोंगाची एक यादी असते. तिच्यात आपण लिहायचं की पडदा कसा, मेमरी किती, वगैरे. मेमरीसमोर सोळा लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, तो बिचारा जागा अपुरी म्हणून क्षमा मागतोय आणि तुम्ही सोळावर अडून बसलाय? बत्तीस करा. केले. पडदा आता दोन मिनिटं काळा राहिला. मग क्षमस्व. पण आधी एकच मिनिट राहायचा. म्हणजे प्रोग्राम आधीपेक्षा पुढे जातोय. मला तरी ही सुधारणा वाटते.

बाईंनी पुन्हा स्पीकरचं विचारलं. म्हणाल्या, सोंग घ्यायचं तर सगळं घ्यावं, आवाजासकट. मला वाटलं, काम करताना त्यांना गाणी ऐकायची असतील. मी म्हटलं, आधी हे मार्गी लागू दे, मग गाण्यांचं बघू. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी हसू समजलो. आता लिहिताना तितकीशी खात्री वाटत नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

चौसष्ट केले. त्या सोंगाला याहून जास्त झेपत नाही म्हणे. शिवाय खऱ्या कॉम्प्युटरचं पोट उघडून आत मेमरीची आणखी एक पट्टी बसवून घेतली. कॉम्प्युटरवाला म्हणत होता की त्याचा उपयोग नाही, पण मी हट्टाला पेटलो. होऊ दे ना सढळ हाताने.

पडदा चार मिनिटं काळा. चार! आम्ही श्वास रोखून बसलो. मग क्षमस्व.

घरी अक्काला सांगितलं. (माझी मोठी बहीण. ती आणि मी एकत्र राहतो; ती स्वयंपाक करते, मी ऐकून घेतो.) ती म्हणाली, जो माणूस जागा नाही म्हणतोय त्याला आधी विचारावं तरी, किती हवी. मी म्हटलं, अक्का, तो माणूस नाही, प्रोग्राम आहे. ती म्हणाली, मग क्षमा कशाला मागतो?

११ सप्टेंबर, बुधवार

कोणाला न सांगता भंगारवाल्याकडे जाऊन आलो. गोदामाच्या मागच्या अंगाला लोखंडाचा ढीग, ढिगापुढे तो. जुना कॉम्प्युटर म्हटल्यावर त्याला लगेच आठवला. त्याच दिवशी फोडला. पत्रा एकीकडे, तारा एकीकडे, आतल्या पाट्या दुसऱ्याने नेल्या. पिवळं झाकण तेवढं दिसलं, त्यात त्याने खिळे ठेवले होते.

परत येताना मी मुलीला टाळायला उशीर केला. ती येऊन वाट बघून गेली होती. बाई म्हणाल्या, तुम्हाला विचारत होती. मी कुठे गेलो होतो ते त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमच्या बुटांना गंजाचा वास येतोय. मिळाला का?"

मी सांगितलं. हेही सांगितलं, की चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाचीही नाही. त्या म्हणाल्या, "ते मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. तुम्हाला माहीत आहे का, ते मी बघत होते."

१६ सप्टेंबर, सोमवार

बाजारात ब्रेलचा एक तयार प्रोग्राम मिळतो, तो आणवला. गोष्टीचं पुस्तक झकास काढतो. गणित दिलं तर अपूर्णांकाचा वरचा आकडा एका ओळीत आणि खालचा दुसऱ्या पानावर. वर्गमूळ तर गिळूनच टाकतो. या पुस्तकातली गणिताची चिन्हं मास्तरांनी स्वतः एकेक करून ठरवली होती, आणि मुलगी लहानपणापासून तीच शिकलीय. ती फक्त मास्तरांच्या प्रोग्रामला ठाऊक.

म्हणजे मास्तरांच्या प्रोग्रामला आणि बाईंना. आज दुपारी त्यांनी कपाटातून ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली, कागद अडकवला, आमच्या कारकुनाला पाचव्या खंडाचं मूळ पान वाचायला बसवलं आणि हाताने लिहायला सुरुवात केली.

मी हिशोब केला. हाताने एका खंडाला दोन आठवडे. पाच खंड. दहा ऑक्टोबर. हिशोब त्यांनाही येतो, माझ्यापेक्षा चांगला. तरी लिहितायत.

२३ सप्टेंबर, सोमवार

मी रोज थोडा वेळ त्यांचं लिहिणं बघत बसतो. व्यवस्थापकाला कामाची माहिती हवी.

पाटीवर ब्रेल उलटं लिहावं लागतं. टोचणीने कागद मागून टोचायचा, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर आरशात दिसतं तसं. मग कागद उलटला की टिंबं वर येतात आणि डावीकडून वाचता येतात. तीस वर्षं मी शिशाच्या अक्षरांचे उलटे खिळे जुळवणारे लोक बघितलेत. खिळा चुकला तर उपसून दुसरा लावता येतो. इथे एक टिंब चुकलं की पान गेलं. आठवड्यात बाईंचं एकही पान गेलेलं नाही. तीन मजली अपूर्णांक उलटे लिहितात आणि मध्येच कारकुनाला सांगतात, तू वजाबाकीचं चिन्ह खाल्लंस, त्याशिवाय पुढची ओळ येणार नाही. कारकून बघतो, तर खाल्लेलं असतं. म्हणजे त्या नुसत्या लिहीत नाहीत, लिहिता लिहिता सोडवतात. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण एवढी पाहिली नाहीत. हे मी त्यांना सांगितलं नाही. वहीला सांगतो.

आज विचारलं, गणित एवढं कुठे शिकलात. म्हणाल्या, मास्तरांकडे, शाळा सुटल्यावर. परीक्षेला बसायचं ठरलं होतं, पण तेव्हा ब्रेलमध्ये पुस्तकच नव्हतं. संगीत लिहावं लागलं. मास्तरांना ते इतकं लागलं की त्यांनी हा प्रोग्राम लिहायला घेतला. तो पुरा झाला तोवर बाईंची शाळा संपलेली. "माझ्यानंतरच्यांना उपयोग होईल म्हणाले. मग बावीस वर्षं कोणी गणित मागितलंच नाही. पहिली मागणारी ही."

संगीताचं काय झालं, मी विचारलं. म्हणाल्या, पास झाले. त्यानंतर मी आणि गाणं एकमेकांच्या वाटेला गेलो नाही.

घरी येऊन जेवलो नाही. अक्काने कारण विचारलं तेव्हा सांगितलं की एका माणसाची बावीस वर्षांची वाट मी भंगारात घातली.

२६ सप्टेंबर, गुरुवार

बाईंच्या उजव्या तर्जनीला सूज आलीय. त्याच बोटाने त्या वाचतात. मी म्हटलं, आता पुरे. त्या म्हणाल्या, पाचव्या खंडाची वीस पानं राहिलीत. मी पुन्हा म्हटलं, पुरे. आवाज चढला माझा. मग शेजारच्या शाळेच्या स्वयंपाकघरातून बर्फ आणला आणि रुमालात बांधून दिला. अकरा महिन्यांत मी त्यांच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला. त्यांनी बर्फ बोटाला धरला, आणि रागावल्यासारख्या वाटल्या नाहीत. बायकांचं मला कळत नाही.

मी अगदी हात टेकल्यासारखा होऊन विचारलं, तुम्हाला काय वाटतं, काय करावं? हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "तीन आठवडे मी स्पीकर मागतेय."

३० सप्टेंबर, सोमवार

सगळं नीट, क्रमाने लिहितो. असा दिवस पुन्हा येईल असं वाटत नाही.

कॉम्प्युटरवाला सकाळी दोन छोटे स्पीकर घेऊन आला. जोडले. प्रोग्राम चालवला. पडदा काळा, आणि त्याच क्षणी आवाज सुरू झाला: टक, टक, टक. जुन्या यंत्राची तीच टकटक, जिला मी तिचा खोकला समजत होतो.

बाईंनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. डोळे मिटून, ओठ हलवत मोजत होत्या. मिनिट झालं, दोन झाली, चार झाली. टकटक थांबली. "एक हजार चोवीस," त्या म्हणाल्या. "आणि रोज सकाळी किती असायचे? चौसष्ट. पर्स अडकवून मी खुर्चीत बसेपर्यंत संपायचे. बावीस वर्षं मोजलेत."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. मास्तरांना पडदा दिसत नव्हता. म्हणून प्रोग्राम सुरू होताना यंत्रातली जागा मोजतो आणि दर तुकड्याला एक टक वाजवतो. यंत्र ठीक आहे की नाही, ते मास्तर कानांनी ओळखायचे. म्हणजे इतके दिवस पडदा काळा ठेवून प्रोग्राम आम्हाला सगळं सांगत होता आणि मी त्याचं तोंड दाबून बसलो होतो.

"जागा मोजतोय हजारावर, आणि म्हणतोय अपुरी," बाई म्हणाल्या. "पडद्यावर आणखी काय लिहिलंय? सगळं वाचा."

मी म्हटलं, काही नाही, तेच क्षमस्व. आणि खाली कोपऱ्यात एक शून्य आहे.

"शून्य?"

ते शून्य पहिल्या दिवसापासून तिथे होतं. मी वाचून दाखवलं नव्हतं. मला ते टिंबासारखं, नक्षीसारखं वाटलं होतं. डोळे असून मी ते गाळलं आणि ज्यांना दिसत नाही त्यांना निरोप अर्धाच दिला.

बाईंनी बत्तीस करायला सांगितलं. पाचशे बारा टक, आणि शून्य. सोळा केले. दोनशे छप्पन्न टक, आणि शून्य. तेव्हा त्या एकदम हसल्या. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. माझा हात ओढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि माझ्या तळहातावर बोटाने टिंबं काढून दाखवली.

"वाचायच्या ब्रेलमध्ये एका घरात सहा टिंबं. मास्तर कॉम्प्युटरसाठी आठ टिंबांचं घर वापरायचे. प्रत्येक टिंब उठलेलं नाहीतर दबलेलं. अशा किती आकृत्या होतील? रिकामं घर धरून दोनशे छप्पन्न. मास्तर सगळे आकडे त्यातच मोजायचे. रिकामं घर म्हणजे शून्य, आठही टिंबं उठली म्हणजे दोनशे पंचावन्न. त्याच्या पुढचा टक आला की?"

मी म्हटलं, मला गणितात विचारू नका.

"जागाच नाही पुढे. घर पुन्हा रिकामं. दोनशे छप्पन्नाव्या टकला शून्य. पाचशे बाराव्याला शून्य. हजार चोविसाव्याला शून्य. तुम्ही जितकी जागा वाढवलीत, तितका तो मोजत राहिला आणि दर वेळी शून्यावर येऊन थांबला. त्याच्याकडे जागा कमी नाही, साहेब. तुम्ही त्याला फार दिलीत."

कॉम्प्युटरवाला मध्येच उभा राहिला. म्हणाला, मी हे शिकलोय, परीक्षेत लिहिलंय, आणि तीन आठवडे मला सुचलं नाही. मग त्याने बाईंना विचारलं, किती ठेवू? बाई म्हणाल्या, सोळाला दोनशे छप्पन्न टक, तर चौसष्ट टकला चार. त्याने चार लिहिले. एवढ्या मोठ्या यंत्रात चार? मी डोळे मिटून घेतले आणि मीही मोजायला लागलो.

चौसष्ट. मग एक छोटी घंटी, आणि कॉम्प्युटरवाला ओरडला की उघडला. मी डोळे उघडले तेव्हा बाईंचे डोळे पाण्याने भरले होते. माझेही. त्यांच्या बोटांनी माझा हात अजून धरलेला होता, तो कधी सुटला ते आठवत नाही.

मास्तरांनी तेव्हा विचार केला असेल, दोनशे पंचावन्नच्या वर कोणाकडे कधी जाणार! त्यांच्या त्या शाळेत चौसष्ट हीच चैन होती. एवढ्याशा जागेत त्या माणसाने अपूर्णांक, वर्गमुळं, सगळं गणित बसवलं, दिसत नसताना, एका मुलीचं पुस्तक नव्हतं म्हणून. मी त्यांना कधी भेटलो नाही. आज भेटल्यासारखं वाटलं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

ठोक्या सकाळपासून चालू. सहावा खंड. कोणाला काही ऐकू येत नाही, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पाचव्याची राहिलेली वीस पानंही ठोक्यावर काढली. बाईंची हाताने लिहिलेली पानं तशीच पुढे बांधायची ठरवली. माझी सूचना. त्या म्हणाल्या, पुस्तक एकसारखं दिसायला हवं. मी म्हटलं, कोणाला दिसायला? त्या इतक्या हसल्या की कारकून धावत आला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सातवा खंड झाला. बाईंच्या तर्जनीला आराम म्हणून त्या डाव्या हाताने वाचतायत. वेग थोडा कमी, चुका तितक्याच सापडतात: आज अकरा. त्यातल्या दहा मी टंकताना केलेल्या. आठव्याचं टंकन मीच बसून करतोय, कारकुनाला ताप आलाय. काय टंकतोय ते मला काही समजत नाही. पण चिन्ह गाळत नाही.

अक्का म्हणाली, हल्ली तू सकाळी दाढी करून लवकर निघतोस. मी म्हटलं, काम आहे. ती म्हणाली, दिसतंय.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नववा खंड बांधून झाला. नऊ खंड टेबलावर एकावर एक रचले, तर माझ्या छातीपर्यंत आले. बाईंनी वरपासून खालपर्यंत हात फिरवला, आणि मग पुन्हा खालपासून वर.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी कॉम्प्युटरवाल्याच्या गाडीतून खंड शाळेत नेले. मुख्याध्यापिकांनी स्वतः नऊ मोजले आणि अर्जावर विषयाच्या रकान्यात 'गणित' लिहिलं. मुलीला ते वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचलं.

दुपारी ती आमच्याकडे आली, नववा खंड काखेत. मला वाटलं आभार मानायला. ती सरळ बाईंच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, मागच्या उत्तरांत एक उत्तर चुकलंय. तो भाग मी टंकला होता. बाईंनी ते पान काढलं, बोट ठेवलं. म्हणाल्या, छपाई बरोबर आहे, मूळ पुस्तकातच चूक आहे. मुलगी म्हणाली, मग तुम्हाला माहीत होतं? बाईंनी बरोबर उत्तर सांगितलं आणि म्हणाल्या, हो. माझं काम मूळ पुस्तकाशी ताडून बघण्याचं. पुस्तकाला चूक ठरवणारी मी कोण?

मुलीने खंड मिटून पुन्हा काखेत मारला. मग म्हणाली, "पण तुमचं उत्तर बरोबर होतं." आणि गेली. तिला सराव करायचा होता.

मी कागदांची आवराआवर करत होतो. तेव्हा बाईंनी ड्रॉवरमधून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. परीक्षेचा अर्ज. बाहेरून बसणाऱ्यांचा. सकाळी मुख्याध्यापिकांकडून मागवून घेतला होता. आजच शेवटचा दिवस. नाव, पत्ता, सगळं कोणाकडून तरी भरून घेतलेलं, आणि विषय एकच.

मी अर्ज दोनदा वाचला. म्हटलं, बाई, पहिल्या याल तुम्ही. त्या म्हणाल्या, पहिली ती येणार, मला दुसरी पुरे. मग म्हणाल्या, "मला लेखनिक लागेल. मी सांगायचं, त्याने उत्तरपत्रिकेत लिहायचं. नियम आहे की लेखनिकाला तो विषय येता कामा नये. मी पुष्कळ विचार केला. तुमच्याइतका योग्य माणूस मला माहीत नाही."

मी म्हटलं, तीन तास तुम्ही सांगाल ते लिहायचं, एवढंच ना? त्या म्हणाल्या, तीन तास मधे न बोलता. मी म्हटलं, जमवीन.

अर्जाच्या शेवटी लेखनिकाची माहिती होती. नाव लिहिलं, वय लिहिलं, व्यवसाय लिहिला, आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवली. काही गाळलं नाही. शेवटचा रकाना होता, 'उमेदवाराशी नाते'. मी विचारलं, इथे काय लिहू?

बाईंनी अर्जाची कड बोटाने चाचपली. "सध्या कोरा ठेवा," त्या म्हणाल्या.

कोरा ठेवलाय. अर्ज शाळेत देऊनही आलो, पण रकाना कोरा चालतो की नाही ते विचारायचं राहून गेलं. उद्या सकाळी विचारून घेतो. अक्काला हे सांगितलं तर ती हातातलं काम टाकून हसत बसली, आणि कशाला हसतेस म्हटलं तर सांगेना.